तिसऱ्या मजल्यावरचा जांभळा उजेड

"काय बघायलीस माय?"

मी तिसऱ्या मजल्यावरच्या लादीवर पालथी पडले होते. अंगात शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, एक डोळा मिटलेला आणि दुसरा ३०२ च्या दाराखालच्या फटीला लावलेला. लिफ्टचं दार माझ्या पायांमागे कधी उघडलं ते मला कळलंच नव्हतं.

"कानातलं पडलं माझं," मी म्हणाले.

रेणुकाताईंनी माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग उजव्या कानाकडे पाहिलं. दोन्हीकडची जागच्या जागी होती. त्या काही बोलल्या नाहीत. लॅचला किल्ली लावली, माणूस जेमतेम आडवा जाईल एवढंच दार उघडलं आणि आत शिरून लावून घेतलं. पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. आतल्या खोलीतून जांभळा उजेड बाहेर सांडत होता, एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा. आणि पाण्याचा आवाज येत होता, बुडबुड, बुडबुड, न थांबता.

मी जिना दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

त्या वर्षी मी आठवीत होते आणि मला नुकतीच वाचा फुटली होती. सातवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. वर्गात मला 'मुकी शिवलकर' म्हणत. मग वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेच्या ठरलेल्या मुलीला कांजिण्या आल्या आणि आंबेरकर बाईंनी, दुसरं कोणीच हाताला लागेना म्हणून, मला उभं केलं. विषय होता 'व्यसनमुक्त गाव, माझी जबाबदारी'. मी तालुक्यात पहिली आले. बाईंना वाटलं चूक झाली असेल, त्यांनी यादी दोनदा बघितली. त्यानंतर मी थांबेना. दूधवाल्याला प्लास्टिकबद्दल सांगितलं, वॉचमनला तंबाखूबद्दल, बाबांना हेल्मेटबद्दल. आई म्हणायची, "हिला बोलायला शिकवलंत ते बरं केलंत बाई, आता गप्प बसायला कोण शिकवणार?"

आणि मग शाळेत फौजदार साळुंखे मॅडम आल्या. अमली पदार्थांवर त्यांचं व्याख्यान होतं, पडद्यावर चित्रं दाखवून. त्या म्हणाल्या, "आता गांजा काही फक्त तुरीच्या शेतात लपवून लावत नाहीत. शहरात बंद फ्लॅटमध्ये लावतात. मातीसुद्धा लागत नाही. पाइप, पाणी आणि दिवे. खिडक्या कायम झाकलेल्या, विजेचं बिल भरमसाट, कोणाला घरात घेत नाहीत, असं काही दिसलं तर आम्हाला सांगा." मग त्यांनी पान दाखवलं. एका देठाला पाच लांब बोटं, कडेला दाते. मी तीन प्रश्न विचारले. मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेस. पोलिसात ये."

पोलिसात जायला दहा वर्षं होती. एवढं थांबायचं कोणी?

रत्नागिरीतली आमची निशिगंध सोसायटी चार मजली, सोळा बिऱ्हाडं. ३०२ चे मालक दुबईला असतात आणि त्यांच्या जागेचं सगळं आमचे चेअरमन मयेकर काका बघायचे. रेणुका पांचाळ तिथे आदल्या जूनमध्ये राहायला आल्या. नांदेडकडच्या. आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी वडलांना आणलं. आप्पांना घशाचा कर्करोग झाला होता. रेडिएशनचे शेक देऊन देऊन तो बरा झाला होता, पण आवाज गेला होता. डोक्याला पांढरी टोपी, गळ्याला मफलर, आणि बोलले की सायकलच्या चाकातून हवा निघाल्यासारखं ऐकू यायचं. आणि दिवाळीनंतरच ३०२ च्या आतल्या खोलीच्या खिडकीला आतून चंदेरी कागद लागला.

"मीटर बघितलास काय तिचा?" मयेकर काका बाबांना सांगत होते ते मी ऐकलं होतं. "गरगर फिरतो. दोन माणसं ती, करतात काय एवढी वीज?" खालच्या २०२ मध्ये मयेकर काकूच राहायच्या, म्हणजे काका आणि काकू, पण काका घरात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असायचे. काकू म्हणायच्या, "डोक्यावर पाणी चालूच असतं गो. नळ म्हणावा तर नळ नाही."

आता सांगा, मी दुसरं काय समजायचं? असं मी स्वतःला खूप दिवस विचारत होते.

रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. दरवर्षी माघात असते. पूजेनंतर पार्किंगमध्येच गुणगौरवाचा कार्यक्रम, आणि या वर्षी गौरव माझा होता. मयेकर काकांनी ओळखीतून प्रमुख पाहुण्या म्हणून साळुंखे मॅडमना बोलावलं होतं. घरोघरी जाऊन आवतण द्यायचं काम मी मागून घेतलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आईचा फोन घेऊन निघाले. फोन कशाला, तर कोणाकडून किती माणसं येणार ते लिहून घ्यायला. असं मी आईला सांगितलं.

३०२ ची बेल वाजवली. रेणुकाताईंची यायची वेळ झाली नव्हती, ते मला माहीत होतं. दार आप्पांनी उघडलं.

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. भिंतीला धरून घडवंचीसारखी लाकडी चौकट, तिच्यावर पांढरे पाइप एकावर एक आडवे बसवलेले, पाइपांना ओळीनं भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक झाड वर आलेलं. माती कुठेच नाही. एका भोकातून पांढरी मुळं पाण्यात लोंबताना दिसत होती. वर जांभळे दिवे, कोपऱ्यात एक पंखा हळूहळू मान हलवतोय. झाडं माझ्या कमरेएवढी, लालसर दांड्यांची. आणि पान. एका देठाला पाच बोटं, कडेला दाते.

मी फोटो काढला. एकच. आणि "रविवारी पूजेला या हं" म्हणून खाली पळाले.

रात्री नीट केला तो. उजेड थोडा वाढवला, कडा कापल्या. सगळेच करतात.

शनिवारी आई वाटण काढत होती. मी ओट्यावर बसले होते.

"आई, ३०२ वाल्या रेणुकाताई तुला कशा वाटतात?"

"कशा म्हणजे? चांगली आहे बाय. का गो?"

"अशीच. कोणात मिसळत नाहीत."

"मिसळेल कधी? सकाळी बापाचं करायचं, दिवसभर त्या पोरांपुढे घसा फोडायचा, संध्याकाळी परत बापाचं. ह्या जागेसाठी मयेकरांच्या किती पायऱ्या झिजवल्यान तिनं. एकट्या बाईला जागा द्यायला तयार नव्हते ते. लिफ्ट आहे आणि दवाखाना समोर, म्हणून धरून बसली. लिफ्ट नसेल तर त्या माणसाला खाली आणायचं कसं?" आईनं मिक्सरचं झाकण दाबलं. "ओट्यावरून उतर आधी."

मी उतरले. फोन खिशात होता. मला वाटलं, बिचाऱ्या आप्पांना माहीतच नसेल. मुलगी काय करते ते त्यांना कुठून कळणार? हे मला इतकं पटलं की आप्पांची मला दया आली.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या, केळीचे खांब, भटजींचा स्पीकर. पूजा अकराला आटपली. मी आईची निळी पैठणी नेसले होते, बारा पिना लावून. रेणुकाताई पातेल्यातून द्रोणात शिरा भरत होत्या. मला द्रोण देताना म्हणाल्या, "आप्पांना पण खाली यायचं होतं तुझं ऐकायला. पण ताठ बसवत नाही त्यांना जास्त वेळ. कागद गुंडाळून खिडकी उघडून आलेय. शब्द कळत नाहीत म्हणाले, पण आवाज येतो."

"थँक्यू," मी म्हणाले. शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

मग शाल, नारळ, पेनचा संच. साळुंखे मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बक्षिसाचं भाषण करून दाखवायला सांगितलं. ते मला झोपेतसुद्धा येत होतं. मी केलं. टाळ्या झाल्या. मयेकर काकांनी माइक घ्यायला हात पुढे केला आणि टाळ्या थांबल्या.

मला त्या थांबलेल्या आवडल्या नाहीत.

फोटो मॅडमना बाजूला घेऊन गुपचूप दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण माइक माझ्या हातात होता.

"एक मिनिट काका," मी म्हणाले. माझा आवाज पूर्ण पार्किंगमधून फिरून परत माझ्याकडे आला. "आपल्याला वाटतं, व्यसन म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कोणाच्या तरी घरात. पण ते आपल्याच डोक्यावर असलं तर? आपल्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडकीआड, पाण्यावर वाढत असलं तर? मी नुसतं बोलत नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फोन काढून मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी बघितलं. दोन बोटांनी मोठं करून बघितलं. मग माझ्या हातातून माइक काढून घेतला, बंद केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, हे आधी मला एकटीला दाखवायचं असतं." मग त्यांच्याबरोबर आलेल्या हवालदारांना हाक मारली, "केंद्रे, इकडे या."

"तिसरा मजला म्हणजे..." कोणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्या माना शिऱ्याच्या पातेल्याकडे वळल्या.

रेणुकाताईंच्या हातात डाव तसाच होता.

"माझ्या घरात?" त्या म्हणाल्या. "काय आहे माझ्या घरात?"

"चला, वर जाऊन बघू," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका. असेल ते दिसेल."

लिफ्टमध्ये चौघं मावतात. बाकी सोसायटी जिन्यानं निघाली. मयेकर काका, काकू, १०२ च्या भाटकर आजी, सगळे. आई माझं मनगट धरून चालली होती. पैठणीच्या निऱ्या पायात येत होत्या.

आप्पा आतल्या खोलीत पाइपांसमोर खुर्चीवर बसले होते. मांडीवर ताट. दारात एवढी माणसं बघून ते उठायला गेले, ते जमेना, तेव्हा बसल्या बसल्याच त्यांनी टोपी सरळ केली.

केंद्रे हवालदार उंच, मिशीवाले. ते आत गेले, एक पान तोडलं, वास घेतला, बोटांत चुरगाळलं. आणि सरळ तोंडात टाकलं.

"अहो," साळुंखे मॅडम म्हणाल्या.

केंद्रे चावत राहिले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. "मॅडम," ते म्हणाले, "ही अंबाडी आहे. भाजी. आमच्या उदगीरकडं घरोघरी खातेत. कण्या टाकून शिजवायची, वर लसणाची फोडणी, आणि ज्वारीची भाकर. अहो, वर्ष झालं मला हिचं तोंड बघून. तुम्ही ही इथं कशी काय उगवली ताई?"

"बी आणलं गावाकडनं," रेणुकाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता. "इथल्या बाजारात मिळत नाही. शेक दिल्यापासून आप्पांच्या जिभेला कशाचीच चव कळत नाही. गोड नाही, तिखट नाही. आंबट तेवढं कळतं, ते पण हिचंच. चिंच घालून बघितली, कोकम घालून बघितलं. ताट सरकवून देतात. हिच्याबरोबर अर्धी भाकरी जाते. ऊन येत नाही ह्या खोलीत, म्हणून दिवे. कुंडीत लावली तर चार जुड्या निघतील. रोजची लागते."

"पण पान तर..." मयेकर काका म्हणाले.

"वरचं तसं दिसतं की," केंद्रे म्हणाले. "शेंड्याकडं गेली की बोटं फुटतेत हिला. ही खालची बघा. बदामासारखी, अख्खी. गांजाला असलं पान असतं का कुठं? एक झाड खालपासून वरपर्यंत बघितलं की लहान पोरगं पण सांगंल."

मॅडमनी फोन वर धरला. "यात खालची पानं दिसत नाहीयेत. जुई, पूर्ण झाडाचा नाही काढलास?"

"नाही," मी म्हणाले. "एवढाच आहे."

आप्पांनी रेणुकाताईंचा पदर ओढला. त्या वाकल्या. आप्पा त्यांच्या कानात काहीतरी म्हणाले, हवा निघाल्यासारखं. रेणुकाताईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे हात पुढे केला. "बघू जरा."

त्यांनी फोटो बघितला. मग फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट टेकलं. पानाचा देठ जिथे संपतो तिथे अर्धा अंगठा दिसत होता, काळ्यानिळ्या नखाचा. तो कापायचा तर देठ कापावा लागला असता. आप्पा सुतार. आयुष्यभर हातोडीखाली सापडलेलं ते नख पूर्ण इमारतीत एकाच माणसाचं होतं.

रेणुकाताईंनी फोन मॅडमना परत दिला आणि आप्पांच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "छान आलाय, आप्पा."

काय छान आलाय ते कोणालाच कळलं नाही. मला कळलं.

आता कोणीतरी हसलं. भाटकर आजी म्हणाल्या, "मेली भाजीसाठी एवढी वरात." मॅडमनी रेणुकाताईंना दोन्ही हात जोडून माफ करा म्हटलं. केंद्रे एक जुडी मागावी की न मागावी अशा चेहऱ्यानं उभे होते. तिथंच सगळं संपलं असतं. पण सोसायटीसमोर मयेकर काकांचं नाक खाली गेलं होतं, आणि ते त्यांना वर काढायचं होतं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "भाजी तर भाजी. पण ही लपवाछपवी कशाला? खिडकीला कागद कशाला?"

"कागद तुम्हीच लावायला सांगितलात काका. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना झोप येत नाही म्हणाला होतात, उजेडानं."

काकांनी हात झटकला. "सांगितलं असेल. पण आत काय आहे ते सांगितलंत? कोणाला आत घेऊन दाखवलंत? दाखवलं असतंत तर आज पोलीस आले नसते. एका शाळकरी मुलीला संशय येतो, म्हणजे तुमचं वागणंच तसं आहे."

"आप्पा दारात येईल त्याला दाखवतात," रेणुकाताई म्हणाल्या. "कोणी आलंच नाही."

"कोणी म्हणजे? जुई आली होती ना. काय गो जुई, तुला दाखवलंन काय कोणी? सांगितलंन काय ही भाजी म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईनं मनगट सोडलं. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. त्यांना वाटत होतं, मी आता सांगणार.

बोलायला शिकून मला चार महिने झाले होते. तेव्हा एक शब्द बोलायचा होता. 'हो'.

"दार उघडं होतं," मी म्हणाले. "मी बाहेरूनच काढला."

रेणुकाताई काही बोलल्या नाहीत. कानातल्याच्या वेळी बोलल्या नव्हत्या, तशाच. त्यांनी आप्पांच्या मांडीवरचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"बघा," मयेकर काका म्हणाले.

आठवड्यानं ३०२ च्या दारावर सोसायटीचं पत्र लागलं. राहत्या जागेत पाण्यावर शेती करता येणार नाही, खालच्या घराला ओल येण्याचा धोका आहे, मार्चअखेर जागा सोडावी. २०२ च्या छताला ओलीचा एक ठिपका नव्हता, हे काकूच आईला म्हणाल्या. पण पत्रावर काकांची सही होती आणि काकू काकांच्या होत्या.

पेनचा संच माझ्याकडेच राहिला. कोणी परत मागितला नाही. जो तो म्हणत होता, चूक झाली तरी मुलगी जागरूक आहे. आई मला जवळ घेऊन म्हणाली, "लहान आहेस. होते चूक. मनाला लावून घेऊ नको." मी मान हलवली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी टेम्पो आला. आधी पाइप उतरवले, दोरीनं बांधून. मग लाकडी चौकट. ती आप्पांनी बसल्या बसल्या केली होती, खिळा न मारता, खाचेत खाच बसवून. मग लिफ्टनं आप्पांना खाली आणलं आणि ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीत उभी होते. त्यांनी वर बघितलं. मी दिसले. त्यांनी हात हलवला.

नवी जागा नाचणे भागात मिळाली, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आयटीआयची दोन मुलं आप्पांना खुर्चीत बसवून वर-खाली करतात, असं आईनं कोणाकडून तरी ऐकलं. पुढे जूनमध्ये रेणुकाताईंनी बदली मागून घेतली आणि दोघं नांदेडला गेली.

मी बोलायचं थांबवलं नाही. थांबवलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते खोटं होईल. नववीत जिल्ह्यात दुसरी आले, दहावीत पहिली. आता अकरावीत आहे, कॉलेजचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. माइक हातात आला की अजूनही मजा येते. फक्त टाळ्या थांबल्या की मी लगेच माइक देऊन टाकते.

गेल्या महिन्यात आई फोन घेऊन माझ्या खोलीत आली. चष्मा कपाळावर.

"जुई, हे काय गो? वाच."

मी वाचलं. *जुईच्या आई, नमस्कार. मी रेणुका पांचाळ, ३०२ मधली. आप्पा मागच्या मंगळवारी गेले. तेराव्याला ठेवायला फोटो बघतेय. आजाराच्या आधीचे सगळे जुने आहेत, नंतरचा एकही नाही माझ्याकडे. जुईनं एक काढला होता त्यांचा, अंबाडी खुडताना. आप्पा नेहमी सांगायचे. असेल तर पाठवाल का? पूर्ण.*

"आप्पांचा फोटो?" आई म्हणाली. "तू कधी काढलास? तू तर बाहेरून झाडाचा काढलेलास ना?"

मी पलंगावर सरकून तिला बसायला जागा केली. आणि सांगितलं.

त्या शुक्रवारी दार आप्पांनी उघडलं आणि मला हात धरून आत नेलं. आनंदानं नेलं. दिवाळीपासून त्यांच्याकडे बघायला कोणी आलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, ताट मांडीवर घेतलं. ताटात खालची पानं खुडून ठेवलेली होती, बदामासारखी, अख्खी. मी फोन वर केला तसे ते थांबले. त्यांना वाटलं मी त्यांचाच फोटो काढतेय. त्यांनी शेंड्याचं एक चांगलं पान निवडलं, खुडलं, आणि मला नीट दिसावं म्हणून अंगठ्यात धरून पुढे केलं. आणि म्हणाले, "भाजी हाय."

"तुला ऐकू आलं?" आईनं विचारलं.

"हो."

"स्पष्ट?"

"हो."



"रात्री मी मॅडमनी शाळेत वाटलेल्या तक्त्याशी ताडून बघत होते," मी म्हणाले. "हातातलं पान जुळत होतं. ताटातली जुळत नव्हती. म्हणून ती कापली. मग आप्पाही कापावे लागले."

फोटो कापला तरी मूळचा तसाच राहतो, वेगळा. आईनं मध्ये एकदा फोन बदलला, पण जुने फोटो सगळे नव्यात आले होते. मी तीन वर्षांत तो पुसला नव्हता, आणि उघडलाही नव्हता. मला फार शोधावा लागला नाही. फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.

आईनं चष्मा खाली घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग फोन माझ्या हातात दिला. "तूच पाठव."

मी पाठवला. खाली काहीतरी लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. एवढी भाषणं केली, पण दोन ओळी जमेनात. शेवटी एवढंच लिहिलं, "मी जुई. त्यांनी मला सांगितलं होतं ही भाजी आहे. मला ऐकू आलं होतं."

निळ्या खुणा आल्या. आई आणि मी दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. लिहितायत असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं.

मग उत्तर आलं.

"आप्पांनी टोपी सरळ केली होती बघ, फोटोसाठी."